आरोग्य केंद्रातली समुपदेशनाची खोली

‘झोप लागत नाही, अंगात त्राण नाही, डोकं जड होतं,’ अशी तक्रार घेऊन माणूस प्राथमिक आरोग्य केंद्रात येतो. ‘उदास वाटतं’ असं सहसा म्हणत नाही. अशा वेळी नऊ प्रश्नांची छोटी प्रश्नावली नैराश्य ओळखायला मदत करते.

पण पुढे काय? मानसोपचारतज्ज्ञ मोजके, तेही शहरात. यावर गोव्यात ‘संगाथ’ संस्थेने एक उपाय तपासून पाहिला. मानसोपचाराची पदवी नसलेल्या स्थानिक लोकांना प्रशिक्षण देऊन समुपदेशक केलं. उपचार म्हणजे सहा ते आठ भेटी, प्रत्येक साधारण अर्ध्या-पाऊण तासाची.

या उपचारामागचा विचार सोपा आहे. मन खचलं की माणूस कामं टाळतो, लोकांत जाणं सोडतो. त्यामुळे मन आणखी खचतं. समुपदेशक हे चक्र कृतीच्या बाजूने तोडतात. ‘आनंदी राहा’ असा उपदेश करत नाहीत. उद्या सकाळी बाजारातून मासळी आणायची, संध्याकाळी बहिणीला फोन करायचा, एवढंच ठरवतात. पुढच्या भेटीत काय जमलं, काय अडलं आणि त्यानंतर कसं वाटलं, हे पाहतात.

२०१७ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापलेल्या या चाचणीत १० केंद्रांतले ४९५ रुग्ण होते. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी ६४ टक्के नैराश्यातून बाहेर आले होते. नेहमीच्या उपचारांत हे प्रमाण ३९ टक्के होतं.

समुपदेशन सुरू झालं तरी चालू गोळ्या मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नयेत. आत्महत्येचे विचार येत असतील तर भेटीची वाट न पाहता लगेच डॉक्टरांना गाठावं किंवा ‘टेली-मानस’ या हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर बोलावं.