पिकअपचा भरवसा

टोमॅटोच्या हंगामात नारायणगावच्या बाजारात पिकअपची रांग लागते, आणि त्यात महिंद्राच्या गाड्याच जास्त दिसतात. आमच्या घरीही तीच. वडिलांनी घेतली, ती विकून भावाने पुन्हा तीच घेतली. मधे एकदा आम्ही दुसऱ्या कंपनीकडे वळलो होतो. गाडी वाईट नव्हती, बसायला तर जास्तच चांगली. पण क्लचचं काम निघालं आणि पार्ट येईपर्यंत गाडी दारात उभी राहिली. तोडणी काही थांबत नाही. माल भाड्याच्या गाडीने पाठवला, हप्ता मात्र चालूच.

महिंद्राच्या गाड्यांचं मूळ जीपमध्ये आहे. महिंद्रांनी १९४७ मध्ये विलिस जीपची जोडणी सुरू केली. २००० साली बोलेरो आली, ती नाशिकच्या कारखान्यातून, आणि त्याच नावाची पिकअप गावोगाव पोचली. २००५ मध्ये टाटांचा छोटा हत्ती आला आणि शहरातल्या गल्लीबोळातला माल त्याने उचलला. घाटातून टनावारी माल न्यायचा तर गावाकडे पिकअपच लागते.

तिचा जीव पाट्यांत आहे. मागच्या एक्सलवर पोलादी पाटे एकावर एक रचलेले, मधोमध सेंटर बोल्टने बांधलेले, दोन्ही बाजूंनी यू-बोल्टने आवळलेले. खड्ड्यात आदळून वरचा मोठा पाटा तुटला तर गाडी एका अंगाला बसते. सेंटर बोल्ट तुटला तर एक्सल जागचा सरकतो आणि गाडी तिरकी पळू लागते. मागून येणाऱ्याला हे आधी दिसतं. आळेफाट्यावरचा आमचा फिटर गाडीखाली जाऊन नुसता टॉर्च मारतो. दोन पाट्यांमध्ये चकाकणारी रेघ दिसली की पाटा नुकताच घासलाय, म्हणजे बोल्ट ढिला आहे, हे त्याला कळतं. जॅक, पाना आणि घण एवढ्यावर हे काम रस्त्याकडेला होतं.

‘कुठली गाडी घेऊ?’ असं भावाने त्याला विचारलं, तेव्हा तो म्हणाला, “दादा, जिचा पाटा रात्री दहाला मिळतो, ती घे.” माझ्या मते कंपनीवरची निष्ठा म्हणतात ती हीच. जाहिरातीने ती येत नाही. पार्ट जवळ मिळतो, फिटरचा हात बसलेला असतो, जुनी गाडी विकताना गिऱ्हाईक दारात येतं. म्हणून गावं एका गाडीला धरून राहतात.

या भरवशाचा गैरफायदाही आपणच घेतो. १.७ टन क्षमतेच्या गाडीत वीस किलोचे ऐंशीच्या आसपास क्रेट बसायला हवेत. प्रत्यक्षात ताडपत्रीखाली किती असतात, ते भरणाऱ्याला माहीत असतं. ओतूरहून माळशेज उतरताना जुने ड्रायव्हर सांगतात, ज्या गिअरात गाडी चढते त्याच गिअरात उतरवायची, ब्रेक तापवायचा नाही. जादा माल असला की हे शहाणपणही पुरत नाही. ‘गाडी ओढते’ म्हणून वजन वाढवणं मला गुन्हाच वाटतो.

१ एप्रिल २०२० पासून धुरावरचे बीएस-६ नियम आले. धूर कमी झाला, हे चांगलंच झालं. पण इंजिनात सेन्सर वाढले आणि दोष शोधायला स्कॅनर लागू लागला. आवाजावरून इंजिन ओळखणारा फिटर डॅशबोर्डवरच्या पिवळ्या दिव्यापुढे अडतो. मग गाडी शहरातल्या सर्व्हिस सेंटरला न्यायची, दिवस मोडायचा. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केलं, त्यात वाहनंही आहेत. कंपन्यांनी एवढ्यावर थांबू नये. आळेफाट्यासारख्या नाक्यांवरच्या फिटरना स्कॅनर परवडेल अशा दरात द्यावेत, चुकांच्या कोडची माहिती मराठीत छापावी आणि शिकवण्या घ्याव्यात. त्यांच्या गाड्या आजवर विकल्या गेल्या त्या या माणसांच्या शब्दावर.