बेनेटांच्या घरातलं झुकतं माप

आई-वडील एखाद्या मुलाला झुकतं माप देतात, तेव्हा इतरांच्या वाट्याला काय येतं, हे जेन ऑस्टिनच्या 'प्राइड अँड प्रेज्युडिस'मध्ये (१८१३) फार बारकाईनं दिसतं.

बेनेट दांपत्याला पाच मुली. शेंडेफळ लिडिया आईची लाडकी, दुसरी एलिझाबेथ वडिलांची. आईला तरुणपणी लाल कोटातल्या लष्करी अधिकाऱ्यांची भुरळ होती, तीच आता लिडियाला आहे. वडिलांना एलिझाबेथची तल्लख बुद्धी आवडते, कारण ती त्यांच्यासारखी आहे. दोघंही मुलीत स्वतःलाच पाहतात. आईची सर्वांत नावडती मुलगी मात्र एलिझाबेथच.

लाडाचा पहिला परिणाम म्हणजे सवलत. लिडिया पंधराव्या वर्षीच नाचाच्या समारंभांत मिरवू लागते. पुढे एका कर्नलची बायको तिला ब्रायटनला बोलावते. तिथे लष्कराची छावणी पडलेली. तिच्याहून दोन वर्षांनी मोठ्या बहिणीला, किटीला बोलावणं नाही, म्हणून ती रडते. आई मात्र हरखून गेलेली.

एलिझाबेथ वडिलांना एकांतात गाठून सांगते, लिडियाला पाठवू नका. तिच्या उथळपणामुळे आपल्या सगळ्यांचंच नाव खराब होतंय. वडील मायेनं तिचा हात हातात घेतात, तिची काळजी हसण्यावारी नेतात आणि लिडियाला जाऊ देतात. नाही म्हटलं तर घरात कटकट होईल, ती त्यांना नको असते. मला हा कादंबरीतला सर्वांत जीवघेणा प्रसंग वाटतो. एलिझाबेथ लाडकी आहे, ती त्यांच्या करमणुकीपुरती. तिच्या शब्दाला वजन द्यायचं तर बापाला उठून काहीतरी करावं लागलं असतं.

लिडिया विकहॅम नावाच्या लष्करी अधिकाऱ्याबरोबर पळून जाते. एलिझाबेथचं म्हणणं खरं होतं, हे वडील कबूल करतात. पण धाक कुणाला? किटीला! यापुढे एकही अधिकारी या घरात पाऊल टाकणार नाही, असं ते तिला बजावतात आणि ते खरं मानून ती पुन्हा रडते. लग्न ठरल्याचं कळताच आई लिडियाच्या कपड्यांची चिंता करू लागते. तिचा लाड तसूभरही कमी होत नाही.

शेवटी वडील किटीला लिडियाकडे जाऊ देत नाहीत, एवढं मात्र करतात. ती सुधारते, ती जेन आणि एलिझाबेथ या थोरल्या बहिणींच्या घरी राहून.