रात्रीचे घोरणे आणि छातीतली जळजळ

आमच्या घरात अब्बांचे घोरणे हा वर्षानुवर्षे चेष्टेचाच विषय. पाहुणे आले की त्यांच्या खोलीत कोण झोपणार यावर मुले भांडायची. घोरतोय म्हणजे गाढ झोपलाय, असेच आपण समजतो. दुसरीकडे पहाटे त्यांचा घसा जळायचा, तोंडात आंबट पाणी यायचे, म्हणून पित्ताच्या औषधाची बाटली कायम उशाशी. या दोन गोष्टींचा काही संबंध असेल, हे आमच्यापैकी कोणाच्या डोक्यातही आले नाही. शेवटी अम्मीने डॉक्टरांना सहज सांगितले, "झोपेत यांचा श्वासच थांबतो, मग दचकून उठतात." डॉक्टरांनी लिहिता लिहिता पेन खाली ठेवले.

याला स्लीप अॅप्निया म्हणतात. झोपेत घशाचे स्नायू सैल पडून श्वासाची वाट बंद होते. श्वास दहा सेकंद किंवा त्याहून जास्त थांबतो, मेंदू जागा करतो, पुन्हा तेच. वाट बंद असतानाही छाती श्वास ओढायचा प्रयत्न करतच असते. सरबताची नळी चिमटीत दाबून जोरात ओढून पाहा, आत कशी ओढ निर्माण होते! तशीच ओढ छातीत तयार होते. अन्ननलिका छातीतूनच जाते. जठराच्या तोंडाशी स्नायूंची जी कडी असते ती सैल असेल तर आम्ल वर येते. त्यात आपण आडवे, झोपेत लाळही कमी आणि गिळणेही कमी, म्हणून वर आलेले आम्ल तिथेच रेंगाळते.

उलटही होते. घशापर्यंत आलेल्या आम्लाने तिथे सूज येते, झोप मोडते. आधी कोणते आणि नंतर कोणते, यावर डॉक्टरांचे एकमत नाही. पोटावरची चरबी दोन्ही त्रास वाढवते, त्यामुळेही दोन्ही एकाच माणसात सापडतात. अॅसिडिटी असलेल्या प्रत्येकाला अॅप्निया असतोच असे मात्र नाही.

पण जोरात घोरणे, मधेच श्वास अडकणे, सकाळी डोके जड आणि दिवसा बसल्या जागी डुलकी अशी लक्षणे असतील तर नुसत्या गोळ्या खाऊन भागणार नाही. झोपेची तपासणी करावी लागते, काही वेळा ती घरीच होते. तासाला पाच किंवा अधिक वेळा श्वास अडखळला तर ते दुखणे समजतात. झोपेची गोळी स्वतःच्या मनाने घेऊ नये, तिने घसा आणखी सैल पडू शकतो. आणि छातीतले दुखणे हातात, जबड्यात जात असेल, घाम फुटत असेल तर ते पित्त समजून घरी थांबू नका, सरळ दवाखाना गाठा.

जेवण आणि झोप यांत दोन-तीन तास असावेत. आपल्याकडे लग्नघरी अकराला दस्तरखान पडते आणि बाराला अंथरुण! रमजानमध्ये सहेरी करून फज्रनंतर लगेच आडवे होण्याचेही तेच. डाव्या कुशीवर झोपल्याने जळजळ कमी होते, पाठीवर झोपल्याने घोरणे वाढते. उशांची चळत रचू नका, त्याने पोट दुमडते. त्याऐवजी पलंगाचे डोक्याकडचे पाय विटा ठेवून उचलावेत.

अब्बांना सीपॅप मशीन मिळाले. मास्कमधून हवेचा दाब देऊन ते घसा उघडा ठेवते. पहिला आठवडा त्यांनी ते लावायलाच नकार दिला. आता गावी जातानाही आधी मशीन पिशवीत जाते. पहाटेची जळजळ बरीच कमी आहे. बाटली मात्र पूर्ण सुटलेली नाही, शादीची बिर्याणी झाली की त्या रात्री लागतेच.