आधी निवाडा, मग निवारा

दिल्लीतील काश्मिरी गेट बसस्थानकापासून यमुना बाजाराकडे जानेवारीतील एखाद्या रात्री चालत गेले, की दुभाजकावर आणि उड्डाणपुलाखाली पांघरुणांची लांबच लांब रांग दिसते. काही वर्षांपूर्वी अशाच एका रात्री, रस्त्यावरील लोकांना निवारागृहात नेऊ पाहणाऱ्या स्वयंसेवकांबरोबर मी तेथे फिरत होतो. जुन्या दिल्लीच्या बाजारात हातगाडी ओढणारा, पन्नाशीचा एक माणूस जागेवरून हलायला तयार नव्हता. निवारागृह जेमतेम अर्ध्या किलोमीटरवर होते आणि तेथे जागाही होती. माझ्या स्वरात नकळत वैताग उतरला. ‘‘आत जागा असताना इथे कुडकुडत का पडलाय?’’ मी विचारले. तो शांतपणे म्हणाला, ‘‘बाबूजी, गाडी आत नेऊ देतील का?’’

गाडी भाड्याची होती. ती चोरीला गेली असती, तर तिची किंमत मालकाने त्याच्या मजुरीतून कापून घेतली असती. म्हणून चाकाला बांधलेल्या दोरीचे दुसरे टोक त्याने मनगटाला गुंडाळले होते. माझ्या प्रश्नात निकाल आधीच लागलेला होता: हा माणूस हट्टी आहे, कदाचित नशेत आहे, आपले हित त्याला कळत नाही. प्रत्यक्षात त्याने आपल्या परिस्थितीचा जो हिशेब केला होता, तो बिनचूक होता. हिशेब चुकला होता तो माझा आणि ज्यांनी ते निवारागृह आखले त्यांचा.

बेघरांविषयीची आपली सार्वजनिक चर्चा बहुतेक वेळा अशा निकालापासून सुरू होते. २०११ च्या जनगणनेत देशभरात १७.७३ लाख लोक बेघर नोंदले गेले. त्यातील सुमारे ९.३८ लाख शहरांत होते. २००१ च्या तुलनेत ग्रामीण भागातील बेघरांची संख्या घटली, शहरांतील मात्र वाढली. त्याच जनगणनेत भिकारी व निराधार भटके या वर्गात सुमारे ४.१३ लाख लोकांची नोंद झाली. हे सर्वच्या सर्व बेघर होते असे क्षणभर मानले, जे वस्तुस्थितीला धरून नाही, तरीही बेघरांपैकी तीन चतुर्थांशांहून अधिक लोक भीक मागणारे ठरत नाहीत. ते हमाली करतात, रिक्षा ओढतात, लग्नसमारंभांत भांडी घासतात, कचरा वेचतात, इमारती बांधतात. शहराला त्यांचे श्रम हवे असतात. त्यांचे अंथरूण मात्र नको असते.

ही मानसिकता कायद्यातही उतरलेली आहे. १९५९ च्या मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायद्याचा विस्तार पुढच्याच वर्षी दिल्लीपर्यंत झाला आणि अनेक राज्यांनी त्याचाच कित्ता गिरवला. महाराष्ट्रात तो आजही लागू आहे. उपजीविकेचे दृश्य साधन नसताना सार्वजनिक ठिकाणी फिरणारी व्यक्तीही या कायद्याच्या व्याख्येत ‘भिकारी’ ठरू शकते. पहिल्या वेळी एक ते तीन वर्षे आणि पुन्हा पकडले गेल्यास दहा वर्षांपर्यंत डांबून ठेवण्याची त्यात तरतूद आहे. म्हणजे ज्याला आपण मदत करायला हवी, त्याच्या गरजेलाच कायदा गुन्ह्याचा पुरावा मानतो. परदेशी पाहुणे येणार म्हटले, की या तरतुदींची आठवण प्रशासनाला विशेष होते. नोव्हेंबर २०१७ मध्ये जागतिक उद्योजकता परिषदेच्या तोंडावर हैदराबादमध्ये भीक मागण्यावर बंदी आली आणि रस्त्यांवरील लोकांची रवानगी कारागृहांच्या आवारातील केंद्रांत झाली.

न्यायालयांनी मात्र या प्रश्नावर अनेकदा समाजाच्या पुढे पाऊल टाकले आहे. १९८५ मध्ये ओल्गा टेलिस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, मुंबईच्या पदपथावर राहणारा माणूस तेथे राहतो कारण जवळच त्याचे काम असते, हे मान्य केले आणि उपजीविकेचा हक्क जगण्याच्या हक्कात समाविष्ट केला. रीतसर पूर्वसूचना देऊन पदपथ मोकळे करण्याची मुभाही त्याच निकालाने दिली, ही त्याची मर्यादा. ऑगस्ट २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने दिल्लीपुरत्या भिक्षा प्रतिबंधक कायद्याच्या प्रमुख तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या. जुलै २०२१ मध्ये, करोनाकाळात भिकाऱ्यांना रस्त्यांवरून हटवावे अशी मागणी करणाऱ्या याचिकेवर, असा अभिजनवादी दृष्टिकोन आम्ही स्वीकारणार नाही, अशी भूमिका सर्वोच्च न्यायालयाने घेतली.

निवारागृहांची आजची व्यवस्थाही न्यायालयाच्याच रेट्यातून उभी राहिली. डिसेंबर २००९ च्या ऐन थंडीत दिल्लीत पुसा रोडजवळचा एक तात्पुरता निवारा पाडला गेला. अन्नाच्या हक्काच्या याचिकेतील आयुक्तांनी ही बाब सर्वोच्च न्यायालयाच्या निदर्शनास आणली आणि त्यातून मोठ्या शहरांत दर एक लाख लोकसंख्येमागे एक निवारागृह हा निकष पुढे आला. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय शहरी उपजीविका अभियानातील निवारा योजनेने तो स्वीकारला: किमान शंभर जणांची सोय, माणशी पन्नास चौरस फूट जागा, वर्षभर आणि चोवीस तास खुले. तरीही नोव्हेंबर २०१६ मध्ये, निधी उपलब्ध असूनही निवारे उभे राहिले नाहीत याची दखल घेत सर्वोच्च न्यायालयाला निवृत्त न्यायमूर्ती कैलाश गंभीर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली.

दिल्ली इतर शहरांच्या तुलनेत पुढे आहे. तेथे सुमारे दोनशे निवारागृहे आहेत. पण संख्येचा निकष पुरा झाला, म्हणजे प्रश्न सुटला असे नाही. बहुसंख्य निवारागृहे एकट्या पुरुषांसाठी असतात. मग पती-पत्नी आणि मुले असलेल्या कुटुंबाने वेगवेगळे झोपायचे की एकत्र रस्त्यावर, हा निर्णय त्या कुटुंबावर पडतो. पहाटे घाऊक बाजारात माल उतरवायला जाणाऱ्या हमालाला बाजाराजवळचीच जागा लागते. सामान ठेवायला कुलूपबंद कपाट नसेल, तर कागदपत्रांची पिशवी उशाशी घेऊन झोपावे लागते आणि तीच पहिल्यांदा चोरीला जाते. शासनाची आस्था तर ऋतूनुसार येते-जाते. थंडीत तंबू उभे राहतात, पथके फिरतात, मार्चनंतर सगळे थंडावते. उत्तर भारतातला मे महिना रस्त्यावर झोपणाऱ्याला जानेवारीइतकाच घातक असतो, हे नियोजनात फारसे दिसत नाही.

जे स्वतःचे म्हणणे मांडूच शकत नाहीत, त्यांची अवस्था अधिक बिकट असते. स्वतःशी बोलत फिरणारी स्त्री दिसली, की आपण रस्ता ओलांडून पलीकडे जातो. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने बेघर व निराधार रुग्णांना मोफत उपचारांचा हक्क दिला. स्वतःची काळजी घेऊ न शकणारी अशी व्यक्ती आढळल्यास तिला संरक्षणात घेऊन चोवीस तासांच्या आत आरोग्य केंद्रात नेणे पोलीस ठाण्याचे कर्तव्य ठरवले. तिला कोठडीत ठेवण्यास स्पष्ट मनाई केली. हे शक्य आहे याचा पुरावा कायद्याच्या आधीपासून आपल्यासमोर होता. १९९३ मध्ये चेन्नईत सुरू झालेली ‘द बॅनियन’ ही संस्था आणि कर्जतला डॉ. भरत वाटवानी यांचे ‘श्रद्धा पुनर्वसन केंद्र’ यांनी अशा अनेक रुग्णांना उपचार देऊन पुन्हा त्यांच्या घरी पोहोचवले आहे.

येथे एक आक्षेप हमखास येतो: सगळे फुकट दिले तर लोक काम कशाला करतील? फेब्रुवारी २०२५ मध्ये शहरी बेघरांच्या निवाऱ्याविषयीच्याच सुनावणीत न्या. भूषण गवई यांनी या आशयाची तोंडी टिप्पणी केली आणि महाराष्ट्रातील शेतमजुरांच्या टंचाईचा दाखला दिला. सरसकट रोख लाभांच्या राजकारणाविषयीची ही चिंता अनाठायी म्हणता येणार नाही. त्यावर गंभीर चर्चा व्हायलाच हवी. पण ती बेघरांच्या माथी मारणे योग्य नव्हे. ज्याच्याजवळ पत्ता नाही, त्याच्यापर्यंत त्या योजनांपैकी फारच थोड्या पोहोचतात. शिवाय रात्रभर जागून गाडी राखणारा माणूस दुसऱ्या दिवशी पूर्ण ताकदीने काम करू शकत नाही. सुरक्षित झोप ही श्रमाची पूर्वअट आहे, त्याचा मोबदला नव्हे.

करुणा या शब्दाने धोरणकर्ते थोडे अवघडतात. तो शब्द देवळाच्या पायरीवरचा वाटतो, शासकीय परिपत्रकातला नव्हे. परंतु तिचे प्रशासकीय रूप आपल्याकडे आधीच अस्तित्वात आहे. बेघर व्यक्तीने मतदार नोंदणीसाठी अर्ज केला, तर निवडणूक आयोगाच्या नियमानुसार तिच्याकडे पत्त्याचा पुरावा मागितला जात नाही. मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याने रात्री त्या जागी जाऊन ती व्यक्ती खरोखरच तेथे झोपते का, हे पाहायचे असते. या नियमात दयेचा लवलेश नाही. माणूस सांगतो ते खरे असू शकते असे गृहीत धरून पडताळणीचे ओझे राज्याने स्वतःकडे घेतले आहे, एवढेच. शिधापत्रिका, रुग्णालय, शाळाप्रवेश, बँक खाते या प्रत्येक ठिकाणी हेच तत्त्व का लागू होऊ नये?

आगामी जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. मागील वेळी २८ फेब्रुवारीच्या रात्री प्रगणकांनी पदपथ, पूल आणि रेल्वे फलाट पालथे घालून बेघरांची मोजणी केली होती. ती पुन्हा होईल आणि नवा आकडा येईल. तोपर्यंत महापालिकांना एक काम सहज करता येईल: रिकाम्या निवारागृहांच्या आसपास झोपणाऱ्यांना, ते आत का येत नाहीत, हे विचारणे आणि उत्तर लिहून घेणे. त्या रात्री मीही हाच प्रश्न विचारला होता, पण उत्तर ऐकण्याच्या तयारीने नव्हे. हातगाड्या उभ्या करायला कुंपण घातलेली जागा आणि एक रखवालदार, एवढ्यावर कदाचित तो माणूस आत आला असता.