वाचून परकीय भाषा कशी शिकतात? आणि डिक्शनरी नेमकी कधी उघडायची?

नवी भाषा शिकायची म्हटलं की आपण आधी ॲप डाउनलोड करतो. थोडे दिवस शब्दांच्या जोड्या लावतो आणि महिन्याभरात त्याची नोटिफिकेशन बंद करून टाकतो. पण अनेक भाषा येणाऱ्या लोकांमध्ये एक जुनी पद्धत चालत आलीय. त्या भाषेतलं पुस्तक घ्यायचं आणि वाचत सुटायचं. निम्मं कळत नसताना वाचून भाषा येते तरी कशी? आणि यात फोन किंवा किंडल कुठे मदत करतात, कुठे आडवे येतात? समजून घेऊ.

बॉम्बहल्ल्यात सापडलेली पद्धत

हंगेरीच्या काटो लोम्ब (१९०९-२००३) शिकल्या रसायनशास्त्र. शाळेत असताना भाषा हा त्यांचा कच्चा विषय होता. पुढे मात्र त्या नामवंत दुभाष्या झाल्या आणि सोळा भाषांमध्ये त्यांनी काम केलं.

दुसऱ्या महायुद्धात त्या रशियन शिकत होत्या. तेव्हा हंगेरी आणि रशिया एकमेकांविरुद्ध लढत होते, त्यामुळे हातात रशियन पुस्तक दिसणं धोक्याचं होतं. त्यांनी ओळखीच्या बाइंडरकडून गोगोलच्या 'डेड सोल्स' या कादंबरीची पानं एका जाडजूड हंगेरियन ज्ञानकोशात शिवून घेतली. हवाई हल्ल्याचा भोंगा वाजला की तळघरात बसून त्या हे पुस्तक वाचायच्या.

आता तिथे रशियन डिक्शनरी काढायची सोय नव्हती. मग अडलेला शब्द सोडून पुढे जाण्याशिवाय पर्याय नव्हता! अनोळखी शब्द बिनधास्त ओलांडायची आपली पद्धत तिथेच तयार झाली, असं त्यांनी पुढे स्वतःच्या पुस्तकात सांगितलं.

शब्द सोडून दिला तरी कळतं कसं?

हे वाक्य वाचा: 'आजीने ठिंबळा विहिरीत सोडला, भरल्यावर दोरीने वर ओढला, पण तळ गळका असल्यामुळे वर येईपर्यंत निम्मं पाणी सांडलं.'

'ठिंबळा' असा शब्द मराठीत नाही, तो आम्ही आत्ताच बनवलाय. तरी तुम्हाला कळलं की हे पाणी काढायचं भांडं आहे. तो शब्द पुल्लिंगी आहे, हेही न सांगता समजलं. तो पितळेचा की पत्र्याचा, ते मात्र कळलं नाही, आणि त्यावाचून काही अडलंही नाही. हाच शब्द पुढच्या पानांवर आणखी चार ठिकाणी भेटला, तर तोही कळेल आणि लक्षातही राहील.

पण यात एक अट आहे. बाकीचे शब्द ओळखीचे हवेत. इथे एक आकडा उपयोगी पडतो. न्यूझीलंडमधले भाषातज्ज्ञ पॉल नेशन यांच्या संशोधनानुसार, मदत न घेता मजकूर नीट समजायला त्यातले सुमारे ९८ टक्के शब्द माहीत असावे लागतात. म्हणजे ५० शब्दांत एकच अनोळखी. २५० शब्दांचं पान धरलं तर पाच शब्द. हेच प्रमाण ८० टक्क्यांवर आलं, तर त्याच पानावर ५० शब्द अडतात, आणि मग अंदाज बांधायला आधारच उरत नाही.

म्हणून सुरुवात जाड कादंबरीने करू नका. शिकणाऱ्यांसाठी शब्दसंख्या मर्यादित ठेवून लिहिलेली पुस्तकं मिळतात, त्यांना 'ग्रेडेड रीडर' म्हणतात. ती संपली की छोट्या कथा किंवा आजच्या काळातली नाटकं घ्या. नाटकात संवाद असतात, वर्णनं कमी असतात, त्यामुळे ती पेलतात.

मोबाइलच्या काळातली अडचण

आज परिस्थिती बरोबर उलटी आहे. किंडलवर शब्दावर बोट दाबून धरलं की अर्थ हजर. लिंगक्यू किंवा रीडलँगसारख्या वेबसाइटवर एका क्लिकमध्ये अर्थ दिसतो. लिंगक्यूवर तर नवे शब्द निळे आणि तुम्ही जपून ठेवलेले शब्द पिवळे दिसतात. ब्राउझर अख्खं पानच भाषांतर करून देतो.

सोय चांगली आहे, पण प्रत्येक शब्दाला बोट लावलं, तर अंदाज बांधायची वेळच येत नाही. गोष्ट मराठीत किंवा इंग्रजीत कळते, पण मूळ शब्द डोळ्यांसमोरून नुसता जातो. पान संपल्यावर त्यातले किती शब्द आठवतात, ते एकदा करून बघा.

मग वाचायचं कसं?

१. पहिल्यांदा वाचताना डिक्शनरी बंद. कथा कळतेय ना, एवढंच बघा. जे शब्द संदर्भाने कळले, ते वाक्यासकट वहीत लिहा. लोम्बबाई असंच करायच्या, एकटा शब्द लिहायच्या नाहीत.

२. दुसऱ्या किंवा तिसऱ्या वाचनानंतर उरलेले शब्द शोधा. तेही सगळे नाहीत. जो शब्द परत परत येतोय, किंवा ज्याच्यामुळे गोष्टच अडतेय, तेवढाच.

३. शोधलेले मोजके शब्द अँकीमध्ये पूर्ण वाक्यासह टाका. हे ॲप तुम्हाला तो शब्द वाढत्या अंतराने परत विचारतं. कॉम्प्युटर आणि अँड्रॉइडवर ते मोफत आहे.

४. पानावर फार शब्द अडायला लागले तर पुस्तक बदला. यात कमीपणा काही नाही, फक्त त्या पुस्तकाची वेळ अजून आलेली नाही.

वाचनाने काय येत नाही?

उच्चार. पुस्तक बोलून दाखवत नाही. लोम्बबाई त्यासाठी परदेशी रेडिओ ऐकायच्या. आपल्याला लिब्रिव्हॉक्सवर कॉपीराइट संपलेल्या पुस्तकांची मोफत रेकॉर्डिंग मिळतात. त्यांपैकी बऱ्याच पुस्तकांचा मजकूर प्रोजेक्ट गुटेनबर्गवर असतो. कानाला हेडफोन आणि डोळ्यांसमोर पान, असं एकत्र चालू द्या. फक्त ही पुस्तकं जुनी असल्याने त्यांतली भाषाही जुनी असते, हे लक्षात असू द्या.

थोडक्यात, लोम्बबाईंना डिक्शनरी उघडणं शक्यच नव्हतं, आपल्याला ती ठरवून बंद ठेवावी लागेल. आज एकच पान घ्या, अर्थ न बघता शेवटपर्यंत वाचा, आणि मग ठरवा कुठल्या शब्दाला बोट लावायचं.