कमरेचं पिस्तूल, हाताचं पिस्तूल

"ह्यानं माणूस मरतो काय ओ?"

दुधाळीच्या शूटिंग रेंजवर पहिल्यांदा आलेला पाहुणा हे विचारल्याशिवाय जात नाही. समोर एखादी शाळकरी पोरगी दहा मीटरवरच्या टार्गेटवर एअर पिस्तुलातून छर्रे मारत असते. त्या टार्गेटवरचं दहा गुणांचं वर्तुळ ११.५ मिलिमीटरचं, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढं. पाहुण्याचं लक्ष मात्र पिस्तुलाच्या ताकदीकडे. उत्तर ऐकून तो हिरमुसतो आणि नकळत शर्ट सारखा करतो. मग कळतं, याच्याही कमरेला काहीतरी आहे.

कोल्हापूरचं नेमबाजीतलं नाव बाहेर गेलं ते रायफलमुळे. तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला जगज्जेती झाली, कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कांस्य आणलं. पिस्तुलाचं खातं राही सरनोबतचं. रेंजच्या बाकावर बसून पालकांशी गप्पा मारताना विषय फिरून तिच्याकडेच येतो आणि पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "तिच्याकडं कुठलं पिस्तूल हाय?" जणू तेच पिस्तूल घेतलं की पोरीला पदक लागलंच!

खरी गंमत कंपनीच्या नावात नसून मुठीत आहे. स्पर्धेच्या पिस्तुलाची लाकडी ग्रिप दुकानातून येते ती नुसता कच्चा माल म्हणून. मग खेळाडू कानशी आणि सँडपेपर घेऊन बसतो. करंगळीखाली उगाच दाब येतोय, तिथलं लाकूड घासायचं. तळव्यात पोकळी राहतेय, तिथे लुकण भरायचं, वाळू द्यायचं, पुन्हा घासायचं. देखण्या अक्रोडाच्या ग्रिपवर असे करडे-पिवळे चट्टे दिसले की समजावं, पिस्तूल कामाला लागलंय. एवढं केल्यावर ते पैलवानाच्या लंगोटासारखं होतं, दुसऱ्याला उसनं देता येत नाही.

या घासाघाशीला नियमांची वेस आहे. सामन्याआधी शस्त्रतपासणीच्या टेबलावर पिस्तूल ठरावीक मापाच्या पेटीत बसवून दाखवावं लागतं, कारण ग्रिप मनगटाला टेकू देईल इतकी वाढवलेली चालत नाही. मग नळी सरळ वर धरून ट्रिगरला वजन लटकवतात. एअर पिस्तुलाच्या ट्रिगरनं किमान ५०० ग्रॅम उचलून धरायचे, २५ मीटरच्या पॉइंट टू-टूच्या पिस्तुलानं १ किलो. तेवढ्यात ‘टक्’ झालं तर खेळाडूचा चेहरा बघवत नाही. प्रत्येकाला ट्रिगर मर्यादेच्या अगदी काठावर हवा असतो. स्प्रिंग रात्रभरात जराशी हलली तरी सकाळी टेबलावर घाम फुटतो.

हा काठ कशासाठी, ते २५ मीटरच्या अंतिम फेरीत दिसतं. हात ४५ अंशांत खाली. सात सेकंद थांबायचं. हिरवा दिवा लागला की तीन सेकंदांत हात वर, नेम, गोळी. असं पाच वेळा, आणि १०.२ गुणांच्या आत बसली तरच गोळी धरली जाते. २२ ऑगस्ट २०१८ ला पालेमबांगच्या आशियाई स्पर्धेत राही आणि थायलंडची नाफस्वान ३४-३४ वर अडकल्या. पहिल्या शूटऑफमध्ये दोघींच्या पाचपैकी चार-चार बसल्या. दुसऱ्यात राहीच्या तीन, तिच्या दोन. आशियाई स्पर्धेत नेमबाजीचं वैयक्तिक सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय महिला ठरली. त्या तीन सेकंदांत ग्रिप चाचपायला, बोटं नीट बसवायला सवडच नसते. हात वर येतानाच माशी आणि खाच एका रेषेत आलेली हवी, बाकी सगळं आदल्या कित्येक महिन्यांत घासून झालेलं असतं. तेव्हा राहीच्या मागे प्रशिक्षक म्हणून मुंखबायर दोर्जसुरेन उभ्या होत्या. १९९२ ला मंगोलियासाठी आणि २००८ ला जर्मनीसाठी याच प्रकारात त्यांनी ऑलिम्पिक कांस्य जिंकलंय. हे नाव बाकावरच्या गप्पांत कुणी काढत नाही, पिस्तुलाचं मात्र सगळ्यांना हवं असतं.

आणि असं नाजूक यंत्र बिघडतंही. टोकियो ऑलिम्पिकमध्ये २५ जुलै २०२१ ला पात्रता फेरी चालू असताना मनू भाकरचं पिस्तूल बंद पडलं. दुरुस्तीत वेळ गेला आणि ५७५ गुणांवर ती बारावी राहिली. म्हणून जमेल तो खेळाडू दुसरं पिस्तूल बाळगतो. न जमणारे क्लबच्या एकाच पिस्तुलावर पाळी लावून बसतात.

आता कमरेवाल्यांकडे वळू. इथे निवड फार नसते. ९ मिलिमीटर सामान्य नागरिकाला बंद, त्यामुळे बहुतेकांची गाडी सरकारी कारखान्याच्या पॉइंट थ्री-टूवर येऊन थांबते. जानेवारी २०१४ मध्ये कानपूरच्या कारखान्यानं ‘निर्भीक’ नावाचं रिव्हॉल्व्हर महिलांसाठी म्हणून आणलं. वजन अर्धा किलो, किंमत लाखाच्या वर. ज्या बाईला भीती वाटते तिच्याकडे एवढे पैसे असतात का, हा प्रश्न तेव्हा बऱ्याच जणांनी विचारला. मलाही तो रास्त वाटला.

कमरेच्या रिव्हॉल्व्हरचा चाप जड असतो आणि तो तसाच असायला हवा. घोडा न चढवता ओढायचा तर स्पर्धेच्या कित्येक पट जोर लागतो. आमच्या खेळातला हलका ट्रिगर कमरेला खोचून कुणी बुलेटवर निघाला तर राजारामपुरी गाठेपर्यंत मांडीची खैर नाही. जड चाप असूनही घात होतोच. १ ऑक्टोबर २०२४ ला अभिनेता गोविंदाच्या पायात त्याच्याच परवान्याच्या रिव्हॉल्व्हरची गोळी घुसली. कपाटात ठेवताना ते पडलं आणि उडालं, असं तेव्हा सांगण्यात आलं.

साखर कारखान्याच्या राजकारणातले एक गृहस्थ रेंजवर आले होते. भाच्याचा सराव बघता बघता म्हणाले, "आण रे, बघू." रुबाबात एका हातानं एअर पिस्तूल उचललं. नळीचं टोक वाऱ्यातल्या पानासारखं हलायला लागलं आणि छर्रा टार्गेट सोडून भिंतीत गेला. कुणी हसलं नाही, मोठा माणूस. प्रशिक्षकांनी अदबीनं विचारलं, "आण्णा, स्वतःचं शेवटचं कधी उडवलं?"

"घेतलं तवा."

"आणि त्यानंतर?"

"इलेक्शनला जमा करतो की!"

आण्णा हे विनोदानं सांगत असले तरी खरं आहे. निवडणूक लागली की परवान्याची हत्यारं पोलीस ठाण्यात जमा करण्याचे आदेश निघतात, आणि अनेक कमरेच्या पिस्तुलांचा तेवढाच काय तो प्रवास. आमची पोरं मात्र एका सामन्यात साठ गोळ्या झाडतात, त्याही सरावाच्या गोळ्या सोडून. वर घरी भिंतीसमोर रिकामा ट्रिगर दाबत राहणं वेगळंच.

त्या आण्णांनी जाताना भाच्यासाठी परदेशी पिस्तूल मागवायची तयारी दाखवली. "पैशाचं बघू नका, सगळ्यात भारी कुठलं ते सांगा." प्रशिक्षकांनी पोराला पंजा पसरायला लावला. पंधराव्या वर्षातला हात. ग्रिप छोटी घेतली तर वर्षभरात अडकणार, मोठी घेतली तर आत्ता बोटं पुरणार नाहीत. एअर पिस्तुलाला परवान्याची कटकट नाही, त्यामुळे घाईही नाही. वर्षभर क्लबच्याच पिस्तुलावर खेळू दे, असं ठरलं. आण्णांना ते काही पटलं नाही. जिना उतरता उतरता त्यांनी भाच्याला विचारलंच, "पर त्यानं माणूस मरत न्हाई म्हंतोस न्हवं?"