रेषे नसलेली फळी

सागाच्या फळीवर ‘ठ’ कोरून पाहा. अर्ध्या वळणापर्यंत पटाशी मऊ चालते. पुढे लाकडाचे रेषे उलटतात आणि नको तिथला छिलका उपटून येतो. अक्षराच्या पोटातले इवले बेट तर पाहता पाहता सुटून पडते. शिरोरेघ रेष्यांच्या दिशेने ओढावी, तर पाते त्यांच्यामागे भरकटते.

ही अडचणच नसलेली एक फळी अमेरिकेत तयार झाली, पण ती कोरण्यासाठी नव्हे, चालण्यासाठी. तिथे घरामागे उघडा लाकडी चौथरा असतो, त्याला डेक म्हणतात. पावसाबर्फात तो कुजू नये म्हणून लाकडात आर्सेनिकयुक्त रसायन मुरवत. 2003 संपताना घरगुती कामांसाठी ते बंद झाले. तोवर पर्याय बाजारात होताच. व्हर्जिनियातील विंचेस्टरची ट्रेक्स ही कंपनी 1996 पासून लाकडाचा भुसा आणि टाकाऊ पॉलिथिन एकत्र करून फळ्या बनवत होती. दुसऱ्या घराण्यातल्या फळ्यांत लाकूड नसतेच. त्या बारीक बुडबुड्यांनी हलक्या केलेल्या पीव्हीसी या प्लास्टिकच्या असतात. डेक बांधून उरलेल्या तुकड्यांवर घराचा क्रमांक किंवा आडनाव कोरणे तिथल्या घरगुती कारागिरांना न सुचते तरच नवल. फळी साधारण एक इंच जाड आणि साडेपाच इंच रुंद, म्हणजे पाटीचे माप आयतेच.

कोरताना खरा शत्रू उष्णता. पॉलिथिन 110 ते 130 अंश सेल्सियसच्या आसपास वितळते, पीव्हीसी त्याच्या बरेच आधी मऊ पडते. खाचा पाडणारे राउटर यंत्र भरधाव फिरवून एकाच जागी रेंगाळलात, तर निघालेला भुगा वितळून पुन्हा खाचेलाच चिकटतो. म्हणून फेरे कमी, हात चालता, पाते धारदार आणि शक्यतो एकाच धारेचे. भुगा भुरभुरीत न पडता सुटे, जाडसर तुकडे पडले, की वेग जमला. पीव्हीसीवर लेझर मात्र चुकूनही चालवू नये. त्यातून निघणारा आम्लवायू यंत्राला आणि फुप्फुसांना सारखाच घातक.

भुशाच्या फळीमागची कल्पना मला मनापासून आवडते, कारण कचऱ्यातून इतकी टिकाऊ वस्तू क्वचितच होते. तरीही कोरण्यासाठी मी पीव्हीसीच निवडेन. भुशाच्या नव्या फळ्यांवर प्लास्टिकची संरक्षक साल असते. खाच तिला भेदून आतला भुसा उघडा करते. पॉलिथिनवर रंग धड बसत नाही, सरसही धरत नाही. पीव्हीसीचे तुकडे चिकटवून रुंद पाटी करता येते आणि अॅक्रिलिक रंगही टिकतो. आधी पृष्ठभाग रंगवून मग कोरले, तर गाभ्याच्या पांढऱ्या रंगात अक्षरे आपसूक उमटतात. कुंचला लागतच नाही! भुगा मात्र शेवटच्या कणापर्यंत गोळा करावा. तो मातीत कुजत नाही.

आपल्याकडे डेक नसला, तरी याच गोत्रातले, लाकूड-प्लास्टिक मिश्रणाचे डब्ल्यूपीसी बोर्ड दाराच्या चौकटींसाठी आणि स्वयंपाकघरातल्या कपाटांसाठी सर्रास मिळतात. वाळवी आणि पाऊस दोन्ही सोसणाऱ्या कोकणातल्या फाटकावर अशी देवनागरी पाटी शोभेल. ‘क्ष’ची गाठ असो की ‘ळ’ची दुहेरी वळणे, पाते कुठल्याही दिशेने सारखेच फिरते.

फक्त पाटी घट्ट आवळू नये. मीटरभर पीव्हीसी 30 अंशांच्या फरकाने दीड-पावणेदोन मिलिमीटर लांबते. एका टोकाचे भोक गोल ठेवावे, दुसऱ्याचे लांबट, आणि तिथला स्क्रू जरा सैल.